माठाखालची वाळू

हे मी डोळ्यांवर पट्टी बांधून पडलेल्या माणसासाठी लिहितो आहे. तो स्वतः वाचणार नाही, हे मला ठाऊक आहे. वाचून दाखवणारं कोणीतरी उशाशी बसलं असेल. बायको असेल, भाऊ असेल, नाहीतर शेजारच्या खाटेवरचा पाय मोडलेला गडी असेल. तर बाबा, वाचणाऱ्या, जरा मोठ्यानं वाच. मध्येच आवंढे गिळत बसू नकोस. पट्टीखालच्या माणसाला तुझं तोंड दिसत नसलं, तरी तुझा आवाज कुठे कापला ते त्याला बरोबर कळतं. मला कळायचं, आणि असा राग यायचा म्हणून सांगू!

शेवट काय झाला ते आधी सांगणार नाही. मलाही कोणी आधी सांगितला नव्हता.

लोणी

मी धर्मा. पनवेलच्या खाडीकाठचा आगरी. आजा मिठागरात खपला, बाप मिठागरात खपला. मी मात्र सातवी पास झालो, मास्तरांच्या छड्या खाऊन शुद्ध लिहायला शिकलो, आणि मिठागराला लागूनच एक छोटा रसायनांचा कारखाना उभा राहिला तेव्हा पहिल्या झटक्यात आत शिरलो. साठ सालच्या आगेमागे असे कारखाने आमच्याकडे नवे नवे येत होते. कारखान्यानं खाकी पँट दिली. ती घालून मी काही काम नसताना पनवेलच्या बाजारातून फेऱ्या मारल्या. ओळखीचे लोक विचारायचे, "काय धर्मा, पोलिसात लागलास का?" मी नुसता हसायचो. नाही म्हणायला जीव होत नव्हता.

आमच्याकडे सोडियम नावाचा धातू यायचा. तेलात बुडवलेला, पत्र्याच्या बंद डब्यांतून. धातू म्हणजे कोयत्यासारखा कडक असणार, अशी माझी समजूत. पण सुरी लावली तर सर्रकन कापला गेला! आतून लखलखीत, आणि बघता बघता राखाडी. आम्ही कामगार आपसात त्याला लोणीच म्हणायचो. पहिल्याच दिवशी आमचे केमिस्ट दातेसाहेब यांनी त्याचा ज्वारीएवढा कण पाण्याच्या ताटलीत टाकून दाखवला. तो पठ्ठ्या पाण्यावर सुर्रसुर्र करत पळाला, ठिणगी उडाली, आणि फट्! मी टाळ्या पिटल्या आणि म्हणालो, "साहेब, अजून एकदा!"

दाते हसले नाहीत. म्हणाले, "धर्मा, याचं आणि पाण्याचं हाडवैर आहे. हे पेटलं तर पाण्याचा थेंब टाकायचा नाही. कोरडी वाळू टाकायची. लक्षात ठेव, कोरडी."

त्यासाठी लोण्याच्या खोलीबाहेर, भिंतीला लागून, विटांची कमरेएवढी पेटी बांधून ती वाळूनं भरलेली होती. भिंतीची सावली दिवसभर तिच्यावर असायची. फक्त पुढच्या कडेला थोडं ऊन लागायचं.

आता माझी आई. तिला मी आय म्हणतो, आम्ही सगळेच आईला आय म्हणतो. बाप गेल्यावर तीही कारखान्यात लागली, पाणी भरायच्या कामावर. उन्हाळा सुरू झाला तशी तिनं माठ ठेवायला जागा शोधली. ज्याच्या घरात माठ आहे त्याला सांगायला नको. माठाखाली वाळू लागते, वाळू ओली लागते, आणि सावली लागते. आयला तिन्ही गोष्टी एका जागी सापडल्या. म्हणजे दोन सापडल्या, तिसरी तिनं केली. पेटीच्या मागच्या अंगाला तिनं तीन माठ रोवले आणि रोज सकाळी त्यांच्या बुडाशी पाण्याचा तांब्या ओतू लागली.

काय पाणी व्हायचं ते! सगळा कारखाना तिथे यायचा. दाते तर डोळे मिटून प्यायचे आणि म्हणायचे, "मावशी, तुमच्या पाण्याला तोड नाही." आय लाजायची. चैत्र गेला, वैशाख लागला, पाणी रोज गार. त्या वाळूकडे कोणाचं म्हणून लक्ष गेलं नाही.

दुपार

वैशाखातली दुपार होती. अंगातून घामाच्या धारा. माझ्या जोडीचा गडी हशा लोणी कापत होता आणि कापलेले तुकडे रॉकेलच्या परातीत टाकत होता. त्याच्या खांद्यावर पंचा होता, पिळला असता तर तांब्याभर घाम निघाला असता. तो वाकला आणि पंचा घसरून परातीशेजारच्या लोण्याच्या कातरणात पडला.

आधी सुर्र झालं. मग जाळ. मग रॉकेल पेटलं आणि खोलीभर पांढरा धूर. खोलीत लोण्याचे डबे ओळीनं मांडलेले! हशा बाहेर पळाला, आणि मी? खोटं कशाला सांगू, मला भीती वाटलीच नाही. अंगात वारं भरलं. इतके दिवस दाते सांगत होते ते आज करून दाखवायचं! मी घमेलं उचललं, पेटीच्या पुढच्या कडेची उन्हानं तापलेली वाळू भरली आणि नेऊन टाकली. जाळ दबला. "दबला रं, दबला!" मी ओरडलो.

दुसरं घमेलं मी मागच्या अंगानं, माठाच्या बाजूनं, खोल खुपसून भरलं. ते जड लागलं. तेव्हा वाटलं, जास्त भरलं, बरंच झालं.

मी ते टाकलं आणि परात उडाली. आवाज झाला तो पनवेलच्या बंदरापर्यंत गेला म्हणतात. माझ्या डाव्या हातावर आणि तोंडावर जळते कण आले, डोळ्यांत काहीतरी गेलं, आणि त्या क्षणानंतरचं सगळं मी ऐकलेलं आहे, पाहिलेलं नाही.

मला कोणीतरी ओढून दाराबाहेर काढलं. आवाजाबरोबर मिठागरातली माणसं धावत सुटली. आमच्याकडे आग दिसली की पाणी घेऊन धावायचं, विचारायचं ते नंतर. बाया हंडे घेऊन आल्या, गडी डबे घेऊन आले. आणि दारात दाते हात पसरून उभे! एरवी हळू बोलणारा माणूस गळा फाडून ओरडत होता, "पाणी नको! थेंब नको! मीठ आणा! राशीवरचं सुकं मीठ!"

कोणीतरी म्हणालं, "आग लागली न् ह्यो मीठ मांगतंय! दिष्ट काराची हाय का?"

"अरे आणा हो!" दाते ओरडले. "पाणी टाकलंत तर सगळे मराल!"

मग जी धावपळ झाली! हंडे उपडे झाल्याचा आवाज मी ऐकला. पलीकडेच मिठाच्या राशी उन्हात वाळत होत्या, वैशाखातलं मीठ, पापडासारखं कोरडं. बायांनी टोपल्या भरल्या आणि टोपलीमागून टोपली आत जाऊ लागली. खसाखस मीठ पडत होतं. "अजून! त्या कोपऱ्यात! अजून!" असं दाते ओरडत होते आणि बाया पण तशाच ओरडत होत्या, "लय हाय मीठ, घे किती पायजे!" हळूहळू त्या जाळाचा आवाज बसला. मिठाखाली आग गुदमरली. एकही डबा पेटला नाही. माझे डोळे जळत होते आणि तरी मला वाटत होतं, हे बघायला मिळायला हवं होतं.

आत्ताच म्हणालात ना

दाते माझ्याकडे वळले. हातावर चिकटलेले कण त्यांनी चिमट्यानं आणि कोरड्या फडक्यानं उचलले. पापण्यांवरचेही उचलले. मी बोंबलत होतो. मग ते ओरडले, "आता पाणी! डोळ्यांवर पाणी ओता, भरपूर!"

कोणी हललं नाही.

आणि मग आय आडवी आली. "पानी लावाचं नाय!" ती म्हणाली. "आत्ताच बोल्लाव ना तुमी, पानी टाकला तर मराल म्हून!"

"मावशी, ते धातूला नको होतं. धातू काढला मी. आता डोळे धुवायलाच हवेत!"

"माज्या पोराला पेटवताव का? हात लावलाव तर थोबाड फोरीन!"

मिठागरातल्या बायांनी दात्यांना धरून ठेवलं, असं मला नंतर कळलं. एकीनं तर त्यांचा सदरा फाडला. पाणी म्हणजे स्फोट, हा धडा त्यांना नुकताच मिळाला होता आणि तो त्या विसरायला तयार नव्हत्या. शिकवणी जरा जास्तच चांगली झाली होती. इकडे माझ्या डोळ्यांत निखारे आणि तिकडे वाद चाललेला, पाणी द्यायचं की नाही!

दाते काकुळतीला येऊन म्हणाले, "अहो, खार झालाय त्याच्या डोळ्यांत. खार! तो धुतला नाही तर डोळे जातील."

तो एक शब्द माझ्या डोक्यात शिरला. मिठागरात खारं पाणी डोळ्यांत उडालं की काय करायचं, हे आमच्या पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक असतं. गोडं पाणी मारायचं. मी किंचाळलो, "आय! खार गेलाय डोल्यात! गोरं पानी वत! तू वत!"

तशी ती थांबली. मग तिच्या अनवाणी पायांची धावपळ ऐकू आली, आणि माझ्या डोळ्यांवर गार, गोडं पाणी पडलं. माठातलं. तिनं तिन्ही माठ माझ्यावर रिकामे केले. कारखान्याच्या ट्रकमधून मला नेलं तेव्हाही ती हंडा घेऊन वर बसली होती आणि खड्ड्याखड्ड्यांतून, एकदाही नेम न चुकता, पाणी ओतत होती.

डॉक्टरांनी सांगितलं ते

पनवेलमधल्या एका धर्मादाय इस्पितळात मला ठेवलं. डोळ्यांचे डॉक्टर मुंबईहून आले. त्यांनी पापण्या उलटून पाहिलं, मी खाटेच्या लोखंडी दांड्या धरल्या. मी म्हणालो, "साहेब, बोला काहीतरी. मला तुमचं तोंड बघून ओळखता येत नाही."

ते म्हणाले, "उजवा डोळा पांढरा पडलाय. त्याची आशा धरू नका. डावा वाचू शकेल. पाणी पडलं म्हणून तो इतका तरी शिल्लक आहे. पण आतून जखम आहे. बुबुळ आणि पापणी एकमेकांना चिकटली तर तोही गेला."

"आणि नाही चिकटली तर?"

"तर बघू."

मी मोठ्यानं हसलो आणि म्हणालो, "बघूच म्हणा साहेब, तेच तर पाहिजे." माझी बायको कमळी माझ्या पायाशी होती, तिनं माझा अंगठा इतका दाबला की नख मोडलं. डॉक्टर गेल्यावर मात्र माझी हवा गेली. मला रडू आलं, आणि रडायचीही चोरी होती, कारण आसवं आली की डोळे पुन्हा पेटायचे. मी सव्वीस वर्षांचा होतो आणि मला एवढंच कळत होतं की एक डोळा गेला आहे आणि दुसरा दारात उभा आहे, आत यायचं की जायचं ते त्याचं ठरलेलं नाही.

इस्पितळातले दिवस

पट्टीखाली दिवस उजाडत नाही, तो ऐकू येतो. आधी फिनेल, मग बादलीच्या कडीचा आवाज, मग चहाची किटली. चहा आला की मला कोण आनंद व्हायचा! चहाला डोळे लागत नाहीत.

मग सिस्टर यायच्या. त्यांच्या हातात काचेची एक काडी असायची, तेल लावलेली. ती पापणीच्या आत घालून फिरवायची, चिकटू पाहणारं सुटं करायचं. तुलाही हे करत असतील, पट्टीखालच्या मित्रा, तर एक सांगतो. ओरड. मर्दासारखा गप्प राहून काही बक्षीस मिळत नाही. मी पहिल्या दिवशी गप्प राहिलो आणि मला घेरी आली. दुसऱ्या दिवशी सिस्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि त्या शांतपणे म्हणाल्या, "झालं? आता वर बघा." तेव्हापासून आमचं छान जमलं.

त्याशिवाय दिवसभर, थोड्या थोड्या वेळानं, उकळून निवलेल्या पाण्यानं डोळा धुवायचा. सिस्टर एकट्या आणि वॉर्ड भरलेला, म्हणून धुवायचं काम घरच्यांकडे होतं. ते आय करायची. कापसाचा बोळा पाण्यात भिजवून ती थेंब सोडायची. नेमका डोळ्याच्या कोपऱ्यात, न उशीवर, न कानात. तिचा हात कधी हलायचा नाही.

दुपारी डबे यायचे. झाकण उघडायच्या आत कोणाच्या डब्यात काय आहे ते मी वासावरून ओळखायचो आणि सगळा वॉर्ड मला परीक्षेला बसवायचा. एकदा मी म्हणालो, "सुकट आहे, पण कांदा कमी घातलाय, आणि करणारीचं मन थाऱ्यावर नव्हतं." डबा कमळीचाच निघाला. "तुमी बरं व्हा, मंग बगते तुमाला," ती म्हणाली. वॉर्ड हसला. त्या दिवशी मला खरंच वाटलं की डावा डोळा आत यायचं म्हणतोय.

वाळू कोणी भिजवली

मग कारखान्याच्या कचेरीतले एक गृहस्थ चौकशीला आले. खाटेशी खुर्ची ओढून त्यांनी भल्या मोठ्या आवाजात विचारलं, "पेटीतली वाळू ओली कशी झाली? पेटीत माठ कोणी ठेवले?"

मी म्हणालो, "मला आठवत नाही." पण आय तिथेच होती. कापसाचा बोळा तिच्या हातात होता.

"मी ठेवलं," ती म्हणाली. "माट मी ठेवलं. रोज पानी मीच घालाची."

गृहस्थ निघून गेले. मग कमळी फुटली. आठवडाभर ती बिचारी धीर धरून होती, तो सगळा एका दमात सांडला. "तुमच्या माटानं माज्या मानसाचं डोलं नेलं!" ती किंचाळली. "गार पानी पायजे गार पानी! प्या आता!"

मी दोघींनाही गप्प करायला ओरडलो, पण मी ओरडतो तेव्हा कोणी ऐकत नाही, घरातही नाही आणि इस्पितळातही नाही. आय अनवाणी चालायची, त्यामुळे ती गेली कधी ते मला कळलंच नाही. मी थेंबाची वाट बघत पडलो होतो आणि थेंब पडला नाही. संध्याकाळी समजलं की ती आपट्याला, आपल्या भावाच्या गावी निघून गेली.

थेंब

आता डोळा धुवायचं काम कमळीकडे आलं. तिचा जीव माझ्यात इतका अडकलेला की हात थरथरायचा. पाणी कानात जायचं, मानेखाली जायचं, डोळा सोडून सगळीकडे जायचं. माझ्या पापणीला तिचं बोट लागलं की मी दचकायचो, मी दचकलो की ती रडायची. एका सकाळी सिस्टरांची काडी आत अडकली. त्या पुटपुटल्या, "चिकटायला लागलं." मग कमळीला बाजूला नेऊन काहीतरी बोलल्या. बाजूला नेऊन बोललेलं आंधळ्याला जास्त ऐकू येतं. "असंच चाललं तर हा डोळाही जाईल," असं त्या म्हणत होत्या.

मी घाबरलो. पहिल्यांदाच पुरता घाबरलो. आगीत घाबरलो नव्हतो, डॉक्टरांपुढे घाबरलो नव्हतो, पण त्या सकाळी मी चहासुद्धा परत पाठवला. आयला निरोप धाडला. उलट निरोप आला, "माज्या हातचं पानी त्याच्या डोल्यात नको. आदीच लय जालंय."

मी बोंबाबोंब केली. जेवणार नाही म्हणालो, पट्टी फाडून टाकीन म्हणालो. कमळी उठली आणि गेली. मला वाटलं, हीही गेली.

ती गेली होती आपट्याला, एस.टी.नं, उन्हातान्हात. तिकडे काय बोलणं झालं ते दोघींनी मला कधी नीट सांगितलं नाही. कमळीनं नंतर एवढंच सांगितलं, "दारात जाऊन उबी रायले. बोल्ले, आय, मना शिव्या द्या, मारा, पन माजा हात हालतंय, तुमचा हालत नाय. चला." पुढं काय झालं, असं मी खूप विचारलं. "मंग आमी दोगी रल्लो आनि येश्टी चुकली," ती म्हणाली.

त्या परत आल्या तेव्हा नेमके दातेही भेटायला आले होते. आय दारातच थबकली असावी, कारण दाते उठून तिकडे गेले. "मावशी," ते म्हणाले, "कचेरीत मी सांगितलंय. केमिस्ट मी. त्या पेटीवर लक्ष ठेवायचं काम माझं. आणि मी रोज तिथेच उभा राहून तुमचं पाणी पीत होतो. ती वाळू कशासाठी आहे, हे तुम्हांला कोणी कधी सांगितलं होतं का?"

"नाय," आय म्हणाली. "वालू हाय, सावली हाय. मना वाटला, माटासाठीच बांदली."

दात्यांना हसू आवरेना, आणि मग त्यांना रडू आवरेना. मोठा माणूस रडताना फार वाईट आवाज काढतो. आय मात्र माझ्याजवळ आली. तिचा श्वास मला जवळून लागला. ती नुसतीच उभी राहिली.

मी म्हणालो, "आय, ऐक. माझा उजवा डोळा तुझ्या वाळूनं नेला असेल. डावा तुझ्याच पाण्यानं ठेवलाय. मला हिशेब कळत नाही. मला थेंब पाहिजे."

मग पाण्याची वाटी वाजली. आणि कोपऱ्यात, नेमका, पहिला थेंब पडला.

जाता जाता

शेवटाकडे जायच्या आधी दोन शब्द कारखान्यातल्या भावांसाठी. तुमच्याकडे पाण्याशी वैर असलेलं काही असेल, तर आगीसाठी ठेवलेल्या वाळूत रोज सकाळी हात कोपरापर्यंत घाला. वरून बघू नका, हात घाला. आणि पाणी भरणारीपासून झाडणाऱ्यापर्यंत सगळ्यांना सांगा की ही वाळू कशाची. पेटलेल्यावर पाणी नाही. पण अंगावरचे कण कोरडे उचलून झाले, की मग माणसाला पाणीच पाणी. ही दोन्ही वाक्यं एकाच दमात शिकवा. आमच्याकडे फक्त पहिलंच शिकवलं होतं.

आणि घरच्या माणसांसाठी: उशाशी बसून "सगळं ठीक होईल" असं म्हणू नका. बाहेर काय चाललंय ते सांगा. बाजारात पापलेट आलंय का, कोणाचं भांडण झालं, म्हैस व्याली का. आजारी माणसाला धीरापेक्षा बातमी जास्त लागते.

उघडला तेव्हा

डॉक्टर आले, खिडकीचा पडदा ओढला गेला. पट्टी निघाली. पापणी उचलायची मला छातीच होईना. "उघडा," ते म्हणाले.

मी उघडला.

"काय दिसतंय?"

"पांढरं," मी म्हणालो. "नुसतं पांढरं."

डॉक्टर पुढे वाकले. "थांबा. घाई नको. अजून काय?"

"पांढऱ्यात... काळं काहीतरी आहे. हललं ते." मी मान पुढे काढली. ते काळं जवळ आलं, त्याला कडा आली, कडेला कपाळ आलं, कपाळाखाली नाक आलं. मी खाटेवर उठून बसलो आणि सगळ्या वॉर्डला ऐकू जाईल असं ओरडलो, "आय! तुजं नाक केवरं मोटं हाय गं!"

"मेल्या!" आय म्हणाली, आणि मला दिसलं, अगदी दिसलं, की तिनं पदर तोंडात कोंबला. वॉर्डभर हसू पसरलं. सिस्टर हसल्या, डॉक्टर हसले, कमळी माझ्या पाठीत बुक्के मारत सुटली. मी एकेकाला जवळ बोलावून बघत होतो. सिस्टरांना मी उंच समजत होतो, त्या निघाल्या बुटक्या.

घरी सोडलं त्या दिवशी मी टांगा नको म्हणालो. पनवेलच्या बाजारातून पायी निघालो, एका बाजूला आय, एका बाजूला कमळी. उजव्या डोळ्यावर पट्टी, हात गळ्यात बांधलेला, आणि तोंड एकसारखं चालू. "ती बघ वांगी! तो बघ, त्या माणसाची टोपी उलटी! कमळे, ते कुत्रं बघ, तीन रंगांचं आहे, तीन!" दुकानातली माणसं उठून उंबऱ्यावर येत होती. पोरं मागे लागली होती. आयला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं माझा दंड चिमटीत धरला.

"हलू बोल रं," ती कुजबुजली. "लोका बगतान."

"बगू देत," मी म्हणालो. "मी पन बगतंय ना!"